नाका आणि नळी

रात्रीचा एक वाजून गेला होता. लग्नाचं रिसेप्शन आटोपून आम्ही घरी निघालो होतो. उड्डाणपुलाचा उतार संपतो तिथे पिवळे बॅरिकेड तिरके लावून एकाच गाडीपुरती वाट ठेवली होती. हवालदारांनी टॉर्च हलवून गाडी साइडला घ्यायला लावली, काच खाली करायला सांगितली. पाकिटातून नवी नळी काढून त्यांनी ती हातातल्या मशीनवर चढवली आणि माझ्या तोंडासमोर धरली. "फुंका साहेब. जोरात. अजून, अजून… बास." छोट्या पडद्यावर तीन शून्यं उमटली. "जावा." सगळं मिळून अर्धं मिनिटही लागलं नसेल.

थोडं पुढे टपरीवर पाण्याची बाटली घ्यायला थांबलो, म्हणून पुढचं दिसलं. माझ्यामागे एक लांबलचक, काळ्या काचांची गाडी होती. तिला हात दाखवून तशीच सोडली. तिच्यामागची रिक्षा मात्र अडवली. रिक्षावाल्याने फुंकलं, शून्य आलं असावं, कारण मशीन लगेच बाजूला ठेवलं गेलं. पण त्याला "जावा" काही कोणी म्हणालं नाही. लायसन्स, बॅज, परमिट, पीयूसी, मग मागच्या सीटखालचा डबा. माझी बाटली अर्धी संपली तरी तो रस्त्याच्या कडेला कागद हातात धरून उभाच होता.

मला फुंकायला लावलं याचं मला काहीच वाटलं नाही. रिक्षावाल्याचं जे झालं ते आजही खटकतं. एकाच नाक्यावरच्या या दोन प्रसंगांत फरक नेमका कुठे पडतो, हे शोधायला मी त्या नळीच्या आणि त्या नाक्याच्या मागे जात राहिलो.

नाका हा शब्द आपल्याकडे पोलिसांच्या आधी पैशाचा आहे. रस्ता जिथे अडवता येतो, खिंडीच्या तोंडाशी, नदीच्या उताराला, वेशीपाशी, तिथे जकात घ्यायची. चेंबूर नाका, वरळी नाका, मुलुंड चेक नाका ही नावं अजून तोंडात आहेत. मुंबईतली जकात मात्र १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा संपली. गोव्याहून येताना इन्सुलीला आजही गाडी थांबवून डिकी उघडायला लावतात, ती दारूच्या करासाठी. नाक्यावर तपासला जायचा तो माल. माणसाने माल दाखवला, पैसे भरले, की तो मोकळा.

माणसालाच अडवण्याची परंपरा वेगळी आहे आणि ती रात्रीची आहे. पेशवाईतल्या पुण्यात रात्री तोफ झाली की परवान्याशिवाय रस्त्यावर दिसणाऱ्याला कोतवालाची माणसं चौकीत नेत. ही सत्ता हिशेबाबाहेर गेली की काय होतं ते पुण्याने १७९१ च्या ऑगस्टमध्ये पाहिलं. घाशीराम कोतवालाच्या माणसांनी पकडून कोंडलेल्या तेलंगी ब्राह्मणांपैकी कितीतरी जण गुदमरून मेले, आणि चिडलेल्या जमावाने कोतवालाला दगडांनी ठेचलं. पुढे इंग्रजांनी संशयाला कायद्याचं रूप दिलं. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ नंतर मुंबई इलाख्यातही आला आणि पारध्यांसारख्या जमातींतल्या माणसांना जन्मापासून संशयित ठरवून हजेरी, पास आणि सोलापूरच्या सेटलमेंटचं तारेचं कुंपण लावलं. स्वातंत्र्यानंतर कायदा गेला. सवय किती गेली हे एखाद्या पारधी कुटुंबाला विचारावं.

ही बाजू मी मुद्दाम आधी मांडतो आहे. अडवणं म्हटलं की आपल्याकडे 'कोणाला' हा प्रश्न 'कशासाठी' याच्याही आधी येतो.

दारूचा आणि अडवण्याचा संबंध मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याने घट्ट झाला. मोरारजी देसाई तेव्हा गृहमंत्री होते. परमिट नसताना दारू पिणं हाच गुन्हा होता. तो सिद्ध कशावर करायचा? वासावर. पोलीस नाक जवळ आणणार, डॉक्टर डोळे तपासणार, सरळ रेषेत चालायला लावणार. १९५१ च्या मे महिन्यात एका रात्री कुलाब्यात एका जीपने तिघांना धडक दिली. जीप चालवणारे गृहस्थ होते मुंबईचे प्रभारी प्रादेशिक परिवहन अधिकारी, म्हणजे गाड्यांना परवाने देणाऱ्या खात्याचेच साहेब. तोंडाला वास होता, डोळे लाल होते. पण डॉक्टरांनी सांगितलं की बोलणं सुसंगत आहे, चाल सरळ आहे. साहेबांचं म्हणणं असं की आपण औषधी टॉनिक घेतलं होतं आणि त्यात अल्कोहोल असतं. मॅजिस्ट्रेटने सोडलं, उच्च न्यायालयाने शिक्षा दिली, आणि १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. वास दारूचा की टॉनिकचा हे नाकाला कळत नाही, आणि आपण निर्दोष आहोत हे सिद्ध करण्याचा बोजा आरोपीवर टाकता येत नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ. पेसिकाका खटला म्हणून वकील मंडळी तो अजून सांगतात.

पाच वर्षांनी, १९५९ मध्ये, सरकारने उत्तर शोधलं. दारूबंदी कायद्यात एक आकडा घातला: रक्तात ०.०५ टक्के किंवा त्याहून जास्त अल्कोहोल सापडलं तर ते औषधामुळे आलं हे आरोपीने दाखवायचं. सोबत वैद्यकीय तपासणीचे आणि रक्त घेण्याचे नियम आले. नाकाची जागा आकड्याने घेतली. मला हे पाऊल पुढचं वाटतं, कारण आकड्याला आव्हान देता येतं. १९६१ मध्ये धुळ्याकडे उलटलेल्या एका जीपच्या चालकाच्या रक्तात ०.०६९ टक्के सापडलं, तर त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद चालला तो रक्त कोणी काढलं, कधी काढलं, नमुना कसा जपला यावर. हवालदाराच्या नाकाची अशी उलटतपासणी घेता आली नसती.

आकडा मात्र आपला नव्हता. तो आला बाहेरून, आणि त्याच्या मागे साठेक वर्षांचा इतिहास होता. दारू पिऊन मोटार चालवल्याबद्दल शिक्षा झालेला पहिला माणूस म्हणून लंडनचा टॅक्सीवाला जॉर्ज स्मिथ याचं नाव सांगतात. १० सप्टेंबर १८९७ रोजी त्याला २५ शिलिंग दंड झाला. त्याने कबूलच केलं होतं, त्यामुळे मोजायचा प्रश्न आला नाही. कबूल न करणाऱ्यांचं काय करायचं हे पुढे अनेक वर्षं अडून राहिलं. नॉर्वेने १९३६ मध्ये ०.०५ टक्के ही मर्यादा कायद्यात लिहिली. 'झिंगला होता का' या प्रश्नाच्या जागी 'किती होतं' हा प्रश्न पहिल्यांदा आला.

पण प्रत्येक वेळी सुई टोचून रक्त कुठे काढणार? अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ रोला हार्गर यांनी श्वासाचा रस्ता धरला. रक्तातलं अल्कोहोल फुप्फुसात हवेत उतरतं, आणि खोल श्वासातल्या सुमारे २१०० मिलिलिटर हवेत तेवढंच अल्कोहोल असतं जेवढं एक मिलिलिटर रक्तात, असं धरून हिशेब मांडता येतो. हार्गर यांच्या यंत्रात माणूस फुग्यात फुंकायचा, ती हवा रसायनातून सोडायची आणि रंग किती उडाला ते पाहायचं. १९३८ च्या ३१ डिसेंबरला इंडियानापोलिसच्या पोलिसांनी ते रस्त्यावर आणलं. थर्टीफर्स्टच्या रात्रीचा बंदोबस्त एवढा जुना आहे. १९५४ मध्ये त्याच राज्याच्या पोलीस खात्यातले रॉबर्ट बोर्कनस्टाइन यांनी सुटसुटीत 'ब्रेथलायझर' बनवला. त्यात पिवळं डायक्रोमेट अल्कोहोल लागलं की हिरवटतं आणि प्रकाशविद्युत घट तो फरक मोजतो. आपल्या हवालदारांच्या हातातलं मशीन आज वेगळ्या तंत्रावर चालतं, पण खोल श्वास लागतो म्हणूनच ते अजून "जोरात, अजून, अजून" म्हणतात.

यंत्र मिळालं. आता ते कोणाच्या तोंडाला लावायचं, हा प्रश्न उरला, आणि इथेच व्यक्तिस्वातंत्र्याची खरी लढाई झाली.

ब्रिटनच्या वाहतूकमंत्री बार्बरा कॅसल यांच्या पहिल्या विधेयकात, १९६६ साली, पोलिसांनी कोणालाही अडवून फुंकायला लावावं अशी तरतूद होती. त्यावर गदारोळ झाला. मोकळ्या माणसाला विनाकारण अडवणं हे इंग्रजी परंपरेत बसत नाही, पबवाल्यांचा धंदा बुडेल, आणि स्वतः गाडी न चालवणाऱ्या बाईने आम्हाला शिकवू नये, असं सगळं बोललं गेलं. त्यातला पहिला आक्षेप वजनदार होता आणि तोच टिकला. १९६७ चा कायदा झाला तेव्हा सरसकट तपासणी गळाली होती आणि तिच्या जागी अट आली होती: गणवेशातल्या पोलिसाला, चालकाने दारू घेतली असल्याचा वाजवी संशय असेल तर, तिथे किंवा जवळपास श्वासाचा नमुना मागता येईल. तरीही पहिल्याच वर्षात रस्त्यावरचे मृत्यू हजाराहून अधिकांनी घटले. ही अट लक्षात ठेवावी. ती पुढे आपल्याकडे भेटणार आहे.

ऑस्ट्रेलियाने दुसरी वाट धरली. व्हिक्टोरियाने १९७६ मध्ये आणि न्यू साउथ वेल्सने डिसेंबर १९८२ मध्ये, नाताळच्या तोंडावर, संशयाची अट सोडून दिली. रस्त्याच्या कडेला मोठी, दुरून दिसणारी तपासणी, येईल त्याला फुंकायला लावायचं, शून्य आलं की सोडायचं. यात पकडणं हा हेतूच दुय्यम होता. आज रात्री वाटेत नाका लागेलच, ही खात्री माणसाच्या मनात पहिला पेग भरायच्या आधी बसावी, एवढाच बेत. न्यू साउथ वेल्समध्ये मृत्यू लगेच आणि स्पष्ट घटले. अमेरिकेतल्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला तेव्हाही गाजावाजा करून लावलेल्या नाक्यांमुळे दारूशी संबंधित जीवघेणे अपघात सुमारे ९ टक्के कमी झालेले दिसले.

सगळ्यात खोल वाद अमेरिकेत झाला. १९७९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की फक्त कागद तपासायला म्हणून पोलिसाने स्वतःच्या मर्जीने एखादीच गाडी अडवू नये, तसं करणं घटनाबाह्य आहे. मग मिशिगन राज्याच्या पोलिसांनी सॅगिनॉ परगण्यात दारूतपासणीचा नाका लावला. सव्वा तासात १२६ गाड्या थांबल्या, प्रत्येकीला सरासरी २५ सेकंद लागले, दोघे पकडले गेले. त्यावरचा खटला १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयात सहा विरुद्ध तीन मतांनी सुटला. न्यायालयाने मान्य केलं की २५ सेकंद का होईना, अडवणं म्हणजे माणसाला ताब्यात घेणंच आहे. पण सगळ्यांना सारखं, थोडक्यात आणि उघडपणे अडवलं जात असेल तर रस्त्यावरचे जीव वाचवण्यासाठी ते चालेल. मतभेद नोंदवणाऱ्या न्यायमूर्तींचं म्हणणं होतं की कुठलाही संशय नसताना शंभरावर निर्दोष माणसांना थांबवून दोघे सापडणं हा सौदा महाग आहे. गंमत अशी की ज्या मिशिगनसाठी हा निकाल लागला, तिथल्या राज्य न्यायालयाने १९९३ मध्ये राज्याच्या स्वतःच्या घटनेवर बोट ठेवून हे नाके बंद केले.

आणि नंतर इंडियानापोलिस, जिथे पहिल्यांदा फुग्यात फुंकलं गेलं तेच शहर. १९९८ मध्ये तिथल्या पोलिसांनी अमली पदार्थांसाठी नाके लावले. सहा वेळा मिळून ११६१ गाड्या अडवल्या आणि १०४ जणांना अटक केली. मिशिगनच्या मानाने पाचपट यश. तरी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते नाके बेकायदा ठरवले. हे निकाल शेजारी ठेवून वाचले तेव्हा मला माझ्या रिक्षावाल्याचं उत्तर मिळालं. किती सापडले यावर नाक्याचं समर्थन ठरत नाही. पुढच्या वळणावर कोणाचा तरी जीव जाऊ शकतो, हा धोका त्या क्षणी रस्त्यावर आहे, म्हणून नाका चालतो. नेहमीच्या गुन्ह्यांचा शोध घ्यायला माणसं चाळायची असतील तर त्याला संशय लागतो, आणि तो लागलाच पाहिजे.

आता आपल्याकडे परत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम १८५ आलं तेव्हा त्यात रक्तात 'कितीही अल्प' अल्कोहोल चालणार नव्हतं. १९९४ मध्ये ती भाषा काढून १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादा घातली, तीही ब्रेथ अ‍ॅनलायझरवर मोजलेली. मशीन रस्त्यावर सर्रास दिसायला आणखी बारा-तेरा वर्षं गेली. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर एक गाडी फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर चढली. सात गेले, आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के अल्कोहोल होतं. एप्रिल २००७ मध्ये सत्र न्यायालयाने सहा महिन्यांची शिक्षा दिली आणि मुंबई हादरली. उच्च न्यायालयाने ती तीन वर्षं केली आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. मुंबई वाहतूक पोलिसांची दारूतपासणीची मोहीम सुरू झाली ती त्याच २००७ मध्ये. ते मजूर रस्त्याचंच काम करायला आलेले होते आणि त्याच रस्त्याच्या कडेला झोपले होते. नाक्याच्या बाजूने बोलताना मला कुठल्याही आकडेवारीआधी ते आठवतात.

फुंकायला लावणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणं का, हा प्रश्न आपल्याकडे बराच आधी सुटला आहे. १९६१ च्या काठी काळू ओघड निकालात अकरा न्यायमूर्तींनी बोटांचे ठसे आणि हस्ताक्षर यांना साक्ष मानलं नाही. श्वास त्याच रांगेत बसतो. उलट रस्त्यावरच्या नळीचा एक गुण रक्ताला नाही. पुण्यात १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये दोन तरुण अभियंत्यांचा बळी गेला आणि मग अल्पवयीन चालकाच्या रक्ताचा नमुनाच बदलल्याचा आरोप झाला. चारचौघांत, मशीनवर वेळेसकट उमटलेला आकडा असा बाटलीतून बदलता येत नाही.

अडचण कलम २०३ मध्ये आहे. ते उघडून वाचा. गणवेशातला पोलीस अधिकारी, गाडी चालवणाऱ्या व्यक्तीने कलम १८५ चा गुन्हा केल्याचा वाजवी संशय असेल तर, तिथे किंवा जवळपास श्वासाचा नमुना मागू शकतो. १९६७ चीच ती तडजोड, जवळजवळ शब्दाला शब्द. म्हणजे कायदा ब्रिटनचा आणि नाका ऑस्ट्रेलियाचा, अशी आपली अवस्था आहे. लायसन्स मागायला पोलीस गाडी थांबवू शकतात. त्यासाठी संशय लागत नाही. पण काच खाली झाल्या झाल्या, कसलाही वास नसताना नळी पुढे करणं या कलमात बसवायला ओढाताण करावी लागते. कोविडच्या काळात मशीन बंद ठेवावी लागली आणि वर्षअखेरीच्या बंदोबस्तात ज्याचा संशय येईल त्याला रक्ततपासणीला न्यायचं ठरलं, तेव्हा नाइलाजाने का होईना, आपण कायद्याच्या अक्षराजवळ गेलो होतो.

यावर कोणी म्हणेल, मग संशयाचीच अट नीट पाळा. मला ते मान्य नाही, आणि याचं कारण वर घाशीरामापासून पारध्यांपर्यंत सांगून झालं आहे. आपल्याकडे संशय गाडीची किंमत पाहून येतो, कपडे पाहून येतो, आडनाव ऐकून येतो. काळ्या काचांच्या गाडीवर तो येत नाही आणि रिक्षावर लगेच येतो. सगळ्यांना फुंकायला लावणारा नाका ही निवड हवालदाराच्या हातातून काढून घेतो. गरिबाच्या बाजूने पाहिलं तर सरसकट तपासणी अधिक न्याय्य आहे, पण ती खरोखर सरसकट असेल तरच. एक गाडी हात दाखवून सोडली की नाक्याचा आधार गेला. शून्य आल्यावरही माणसाला धरून ठेवलं, परमिट, डबा, पीयूसी सुरू झालं, की तो इंडियानापोलिसचा नाका झाला, आणि चिरीमिरीची जागा तिथेच तयार होते.

२०१७ च्या पुट्टस्वामी निकालानंतर खासगीपण हा मूलभूत हक्क आहे. त्यावर घाला घालायचा तर आधी तसा कायदा हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. हेतू रास्त आहे. २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर गेली. अर्धं मिनिट हे प्रमाणात आहे. कायदा तेवढा नाही. म्हणून माझी मागणी संसदेकडे आहे: जाहीर केलेल्या नाक्यावर येणाऱ्या प्रत्येकाचा श्वास तपासता येईल असं कलम २०३ मध्ये लिहा, आणि त्याच ओळीत हेही लिहा की शून्य आलेल्या माणसाला त्या नाक्यावर दुसरं काहीही विचारलं जाणार नाही. किती गाड्या थांबवल्या, किती सोडल्या, मशीन शेवटचं कधी तपासून घेतलं, हे दर महिन्याला लोकांसमोर ठेवा.

२०१९ मध्ये कायदा दुरुस्त झाला तेव्हा पहिल्या गुन्ह्याचा दंड दोन हजारांवरून दहा हजार रुपयांवर नेला. कलम २०३ मधला 'वाजवी संशय' मात्र तिथेच राहिला.